छायेची पाठशाळा

ॲनिमेशन आणि दृश्यपरिणाम यांचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना वारसावास्तूंच्या दर्शनास नेले जाते, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु अशा भेटीतून नेमके काय मिळवावयाचे, याविषयी पुरेसा विचार झालेला दिसत नाही. छायाचित्रे जमविणे एवढाच हेतू असेल, तर प्रवासाचे प्रयोजनच उरत नाही; चित्रे घरबसल्या मिळतात.

चंदीगडचे कॅपिटॉल संकुल या दृष्टीने विचारार्ह आहे. ल कॉर्ब्युझिए याच्या सात देशांतील १७ वास्तूंना २०१६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला; त्यांत हे संकुल आहे. येथील विधानसभेच्या सभागृहावरील उत्तुंग कवचाची कल्पना या वास्तुकाराला अहमदाबादच्या वीजकेंद्रातील शीतकमनोऱ्यांवरून सुचली, असे मानले जाते. यंत्रयुगातील एका निव्वळ उपयुक्त आकाराला त्याने लोकसभेसारख्या मंत्रणेचे गांभीर्य दिले. प्रेरणा आणि अनुकरण यांतील अंतर शिकविण्यास याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. त्याच नगरात नेकचंद यांनी टाकाऊ वस्तूंतून उभारलेले आणि १९७६ मध्ये जनतेस खुले झालेले रॉक गार्डन हेच सत्य वेगळ्या भाषेत सांगते.

संकुलातील ‘छायामनोरा’ तर खास या विद्यार्थ्यांसाठीच योजिला असावा असे वाटते. सूर्याची गती आणि तिला रोखणाऱ्या काँक्रीटच्या फळ्या यांचा संबंध तेथे उघड दिसतो. सावली तासातासाला सरकते. ॲनिमेशनचे मूलद्रव्यही काळच आहे. उन्हापासून बचाव करण्यासाठी फळीला विशिष्ट कोन का दिला, हे ज्याला उमगले, तो अस्तित्वात नसलेली इमारतही विश्वसनीय करू शकेल.

यावर असा आक्षेप येईल की, आज वास्तूचे सूक्ष्म मोजमाप यंत्राने घेता येते. मग प्रत्यक्ष जाण्याची गरज काय? यंत्र पृष्ठभागाची नोंद करते, हे खरे. त्या पृष्ठभागामागील कारण मात्र ते सांगत नाही. काँक्रीटवर उमटलेल्या लाकडी साच्याच्या रेषा यंत्राच्या लेखी केवळ खडबडीतपणा ठरतात. पाहणाऱ्याला त्यांत मजुरांचे श्रम दिसतात.

मराठी वाचकास येथे दादासाहेब फाळके यांचे स्मरण व्हावे. पुरातत्त्व विभागात १९०३ मध्ये आरेखक आणि छायाचित्रकार म्हणून काम पत्करणाऱ्या या कलावंताने पुढे १९१२ च्या सुमारास वाटाण्याच्या रोपाची वाढ ठरावीक अंतराने एकेक चित्र घेऊन पडद्यावर दाखविली. या दोन घटनांत कार्यकारणभाव सिद्ध करता येणार नाही. परंतु धीराने पाहण्याची शिस्त दोहोंस समान होती, हे निश्चित.

हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांनाही परका नाही. उसन्या प्रतिमांनी सजलेली कविता जशी निष्प्राण होते, तसेच उसन्या आकारांनी सजलेले दृश्यही होते. म्हणून शिक्षणसंस्थांनी धावत्या सहलींऐवजी एकाच वास्तूसमोर सकाळ, दुपार व संध्याकाळ अशी तीन रेखाटने करण्याचा नेम अभ्यासक्रमात घालावा. संकुलातील प्रवेश सुरक्षेच्या कारणास्तव मार्गदर्शकासह आणि मर्यादित वेळेपुरताच मिळतो; तेव्हा विद्यार्थ्यांसाठी प्रशासनाने अधिक अवधीची सोय करणे उचित ठरेल. वारसा जपला जातो तो केवळ पहाऱ्याने नव्हे, तर नव्या पिढीच्या डोळ्यांनी.