न भरणारी जखम आणि शस्त्राची मर्यादा

शस्त्रक्रियेनंतर जखम भरून येणे हा शरीराचा स्वाभाविक धर्म होय. टाके नीट पडले आणि स्वच्छता राखली की उरलेले काम निसर्ग करतो, ही समजूत बहुतेक रुग्णांच्या बाबतीत खरी ठरते. परंतु आतड्याच्या चिवट दाहाने पीडलेल्या काही रुग्णांत तसे घडत नाही. क्रोनच्या रोगात गुदाशय काढून टाकल्यावर त्या जागी राहिलेली जखम कधी कधी सहा महिने उलटले तरी मिटत नाही. ती पाझरतच राहते. रुग्णाला बसणे कठीण होते, कामधंदा सुटतो, चारचौघांत वावरण्याचा संकोच वाटू लागतो.

अशा वेळी जखम पुन्हा उघडून खरवडावी, असे वाटणे साहजिक आहे. आत पू साठला असेल, तर त्याला वाट करून दिलीच पाहिजे. मात्र जखम का भरत नाही याचा शोध न घेता पुनःपुन्हा शस्त्र चालविणे, हा उपाय नव्हे.

या मताला एका विलक्षण त्वचारोगाचा आधार आहे. १९३० साली अमेरिकेतील ब्रन्स्टिंग, गोकरमन व ओलिअरी या वैद्यांनी ‘पायोडर्मा गँग्रिनोसम’ या रोगाचे वर्णन केले. नावावरून तो जंतूंचा रोग वाटावा. वस्तुतः तो संसर्ग नव्हे. शरीराची संरक्षक यंत्रणाच येथे त्वचेवर उलटते. आतड्याच्या दाहाशी त्याचे निकटचे नाते आहे. मलविसर्जनासाठी पोटावर केलेल्या कृत्रिम द्वाराभोवती किंवा शस्त्रक्रियेच्या जखमेतही तो उद्भवू शकतो. जखमेच्या कडा जांभळट होतात, वेदना तीव्र असतात. त्वचेला होणारी इजा त्याला चेतवीत असल्यामुळे, मृत भाग कापून काढावयास जावे तो जखम अधिकच पसरते. येथे गुण येतो तो स्टेरॉइड, सायक्लोस्पोरिन, इन्फ्लिक्सिमॅब यांसारख्या दाहशामक औषधांनी.

तथापि औषध म्हणजे सर्वस्व, असेही मानता येत नाही. स्टेरॉइड मोठ्या प्रमाणात दीर्घकाळ दिल्यास जखम भरण्याची क्रियाच मंदावते. इन्फ्लिक्सिमॅबमुळे शरीरात सुप्त असलेला क्षय जागृत होऊ शकतो. म्हणून ते देण्यापूर्वी क्षयाची तपासणी आवश्यक असते, आणि भारतासारख्या देशात तर तिचे महत्त्व विशेष आहे. शिवाय रोगग्रस्त आतडे अन्नातील पोषक द्रव्ये पुरेशी शोषून घेत नाही. प्रथिने, लोह व जस्त यांची उणीव असताना नवे मांस भरावे कसे? धूम्रपानाने क्रोनचा रोग बळावतो, हेही विसरता कामा नये.

जखमेतील स्राव शोषून घेणारी ऋणदाबाची पट्टी, मांडीतील स्नायू वळवून पोकळी भरण्याची शस्त्रक्रिया, ही साधने निश्चितच उपयुक्त आहेत. परंतु आतील दाह शमला, पोषण सुधारले, म्हणजेच भूमी तयार झाली, तर त्यांना यश येण्याचा संभव वाढतो.

यास्तव शल्यविशारद, आंत्ररोगतज्ज्ञ, त्वचारोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि परिचारिका यांनी आपापल्या वेळी नव्हे, तर एकत्र विचार करून अशा रुग्णाचे उपचार ठरविले पाहिजेत. जखम भरत नाही याचा दोष रुग्णाच्या निष्काळजीपणावर ढकलणे सोपे असते. पण ते बहुधा अन्यायाचे असते. पुन्हा शस्त्र हाती घेण्यापूर्वी जखमेचे कारण शोधावे, एवढी अपेक्षा रुग्णाने वैद्यकाकडून बाळगणे सर्वथा रास्त आहे.