तराजूतला इतिहास

पोर्टेबल संगणकाचा आरंभीचा इतिहास बहुधा तराजू हाती घेऊनच लिहिला जातो. १९७५चा आयबीएम ५१०० सुमारे २५ किलोंचा, १९८१चा ऑस्बोर्न १ सुमारे ११ किलोंचा, १९८३चा टीआरएस-८० मॉडेल १०० दोन किलोंच्या आत; वजन उतरले, म्हणजे प्रगती झाली! हा मालवाहतुकीचा इतिहास झाला. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी तो मुकाट्याने स्वीकारू नये.

अ‍ॅलन के यांनी १९७२च्या निबंधात ‘डायनाबुक’ या वहीएवढ्या संगणकाची कल्पना मांडली, ती मुलांसाठी. वजन चार पौंडांहून कमी असावे, ही अट तेथेही आहे. पण त्या निबंधातील मुले अंतराळयुद्धाचा खेळ नुसता खेळत नाहीत. त्यात सूर्याचे गुरुत्वाकर्षण आणण्यासाठी ती प्रोग्रॅमच बदलू पाहतात. के यांना अभिप्रेत होता तो लिहिता वाचक.

वरील तिन्ही यंत्रे डायनाबुक नव्हती, हे खरेच. तरी ५१००वर एपीएल किंवा बेसिक, उरलेल्या दोहोंवर बेसिक, अशी प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा यंत्राबरोबरच मिळे. प्रत्येक ग्राहक ती वापरी असे नाही. पण तो लिहू शकेल, हे गृहीत होते.

आजच्या बहुतेक फोन-टॅब्लेटांत ते गृहीतक उरलेले नाही. केवळ वाचता येणाऱ्याला आपण साक्षर म्हणत नाही. मग ही यंत्रे हाताळणाऱ्या विद्यार्थ्याला ‘संगणकसाक्षर’ कसे म्हणतो? वजन किती घटले हे सांगणाऱ्यांनी लेखणी कुठे गेली, हेही सांगावे.