हजेरीवाचून अनुदान

आमच्या कुटुंबात सध्या एक वाद चालू आहे आणि तो अजिबात घरगुती नाही. अमेरिकेतल्या ऑनलाइन चार्टर शाळांच्या पैशावर सरकारने किती लक्ष ठेवावे, हा तो वाद! माझा भाचा म्हणतो, "मावशी, पालकांनी शाळा निवडली, मूल घरी बसून शिकतंय, मग सरकारने मध्ये नाक खुपसायचं कारण काय?" मी म्हणते, पैसा सरकारचा आहे म्हणून. खरे तर तो माझ्या मुलीचा आहे. ती पेनसिल्व्हेनियात राहते आणि तिच्या घरपट्टीतला मोठा भाग शाळांसाठीच जातो. फोनवर हा वाद नीट होत नाही (भाचेबुवांना नेमकी तेव्हाच मीटिंग असते), म्हणून म्हटले लिहूनच काढावे.

ज्यांना चार्टर शाळा ही काय भानगड आहे ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. आपल्याकडच्या खाजगी अनुदानित शाळा डोळ्यांपुढे आणा. पैसा सरकारचा, कारभार संस्थेचा, मुलांना फी नाही. अशा शाळांचा पहिला कायदा १९९१ साली मिनेसोटा राज्यात झाला. शाळा काढणाऱ्यांशी ठराविक मुदतीचा करार करायचा आणि त्यांना पुष्कळ नियमांतून मोकळे सोडायचे, ही कल्पना. या कराराला चार्टर म्हणतात. आपल्याकडे मंजूर पदांप्रमाणे शिक्षकांचे पगार येतात, तिकडे दर मुलामागे रक्कम मिळते. इथपर्यंत ठीक आहे. पण काही वर्षांतच इमारत नसलेल्या, संपूर्ण संगणकावर चालणाऱ्या चार्टर शाळा निघाल्या. आता वर्ग नाही, बाक नाहीत, मग मूल शाळेत 'आले' हे कोणी आणि कसे ठरवायचे? सगळी गोम इथेच आहे.

ओहायो राज्याचे उदाहरण घ्या. तिथे २००० साली 'इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो' ही शाळा निघाली. विल्यम लेगर हे तिचे संस्थापक. २०१५-१६ या वर्षासाठी शाळेने पूर्णवेळ हिशेबाने १५,३२२ विद्यार्थ्यांचे पैसे घेतले. राज्याच्या शिक्षण खात्याने तपासले तेव्हा पुरावा मिळाला तो ६,३१३ विद्यार्थ्यांपुरता! बाकीची सगळी नावे बनावट होती असे नव्हे. मुले खरी होती, पण ती पुरेसा वेळ शिकत होती याची नोंद नव्हती. त्याआधीच्या प्राथमिक पाहणीत असे दिसले होते की बहुतेक मुले दिवसाला साधारण तासभरच लॉग-इन करत होती. अपेक्षा पाच तासांची होती.

यावर शाळेचे म्हणणे काय असावे? कायद्याप्रमाणे आम्ही वर्षाला ९२० तास शिकण्याची संधी उपलब्ध करून द्यायची, मुलाने ती घेतली की नाही याच्याशी पैशाचा संबंध नाही! मी आयुष्यभर शाळेत शिकवले आहे. वर्गाचे दार उघडे ठेवले, फळ्यावर तारीख लिहिली, की माझा पगार पक्का, मग बाकावर कोणी असो वा नसो, असे मी म्हटले असते तर मुख्याध्यापकांनी मला घरीच बसवले असते. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या ऑगस्टमध्ये ४ विरुद्ध २ मतांनी शाळेचे म्हणणे फेटाळले. दोन वर्षांचे मिळून सुमारे ८ कोटी डॉलर परत करा, असे खाते सांगत होते. पण निकाल लागेपर्यंत शाळा उरलीच नव्हती. जानेवारी २०१८ मध्ये, ऐन वर्षाच्या मध्यावर, ती बंद पडली आणि सुमारे १२,००० मुले दुसरी शाळा शोधू लागली.

दरम्यान पैसा कुठे गेला? शाळेचे व्यवस्थापन पाहणारी कंपनी लेगर यांची, शाळेला सॉफ्टवेअर विकणारी कंपनीही लेगर यांचीच. या दोन कंपन्यांना शाळेच्या आयुष्यात सुमारे २० कोटी डॉलर मिळाले. आणि गंमत पाहा, हिशेब नीट ठेवल्याबद्दल राज्याच्या लेखापरीक्षकांकडून या शाळेला गौरवपत्रही मिळाले होते. पावत्या जुळत असतील, बेरजा बरोबर असतील, त्यात मला शंका नाही. पण ज्या पटावर ते पैसे आले तो पट कोणी मोजला होता?

"एखादा नासका आंबा निघाला म्हणून आढीच फेकणार का?" असे भाचा विचारतो. एखादा? इंडियानात दोन जुळ्या ऑनलाइन शाळा २०१९ मध्ये बंद पडल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये राज्याच्या हिशेब तपासनिसांनी अहवाल दिला, की पट फुगवून या शाळांनी ६ कोटी ८० लाख डॉलरहून जास्त रक्कम जादा घेतली आणि शाळेशी लागेबांधे असलेल्या कंपन्यांना साडेआठ कोटींच्या वर दिले.

कॅलिफोर्नियात तर कमालच झाली. मे २०१९ मध्ये सॅन दिएगोच्या सरकारी वकिलांनी ए-थ्री नावाच्या जाळ्यातल्या ११ जणांवर आरोप ठेवले. यांच्या १९ शाळा. उन्हाळ्यात मुलांना खेळ शिकवणाऱ्या मंडळांना पैसे देऊन ते मुलांची माहिती घेत आणि मुलांना आपल्या पटावर चढवत. कित्येक घरांत याचा पत्ताही नव्हता. म्हणजे पोरगे मैदानावर चेंडूमागे पळतेय आणि कागदोपत्री ते ऑनलाइन गणित शिकतेय! या शाळांना राज्याकडून मिळालेली एकूण रक्कम सुमारे ४० कोटी डॉलर. दोघा मुख्य सूत्रधारांनी २०२१ मध्ये गुन्हा कबूल केला. यातली मला सर्वात खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. अशा शाळांना मान्यता देणारी आणि त्यांच्यावर देखरेख करणारी काही स्कूल डिस्ट्रिक्ट अगदी चिमुकली होती, आणि देखरेखीबद्दल त्यांना फी मिळत होती. जितकी मुले जास्त तितकी फी जास्त. मग पट फुगला म्हणून तक्रार कोण करणार?

आता माझ्या मुलीच्या राज्याकडे येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये पेनसिल्व्हेनियाचे ऑडिटर जनरल टिमथी डीफोर यांनी पाच सायबर चार्टर शाळांचा अहवाल दिला. (ते रिपब्लिकन पक्षाचे आहेत. पालकांच्या निवडीला विरोध करणारे म्हणून त्यांना कोणी बाजूला सारू नये, म्हणून हे सांगितले.) २०२० ते २०२३ या काळात या पाच शाळांचे उत्पन्न ४७ कोटी ३० लाख डॉलरवरून ८९ कोटी ८० लाखांवर गेले आणि शिल्लक २५ कोटी ४० लाखांवरून ६१ कोटी ९० लाखांवर. खर्चात गिफ्ट कार्डे होती, कर्मचाऱ्यांचे बोनस होते. एका शाळेने तर १९ कोटी ६० लाख डॉलर खर्चून २१ इमारती घेतल्या आणि दुरुस्त केल्या. ऑनलाइन शाळेने, बरं का!

आणि यातले बहुतेक सगळे कायदेशीर होते. दोष आहे तो दर ठरवण्याच्या सूत्राचा. मूल ज्या डिस्ट्रिक्टमध्ये राहते ती आपल्या शाळांवर किती खर्च करते, यावरून सायबर शाळेचा दर ठरतो. सायबर शाळेला खर्च किती येतो हे कोणी विचारत नाही. त्यामुळे त्याच शाळेत, तेच धडे शिकणाऱ्या एका मुलामागे ६,९७५ डॉलर येत होते तर दुसऱ्यामागे २५,१५०. हे पैसे देते ती डिस्ट्रिक्ट, म्हणजे घरपट्टी भरणारे गावकरी. डीफोर यांच्या आधीच्या ऑडिटर जनरलनीही हे सूत्र बदला म्हणून सांगितले होते. काही दुरुस्त्या झाल्या त्या अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये, अर्थसंकल्पाबरोबर.

हे सगळे वाचून मला परके वाटले नाही. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ हे दिवस महाराष्ट्रातला कुठलाही शिक्षक विसरणार नाही. नांदेड जिल्ह्यात आधी झालेल्या पाहणीत हजारो बोगस नावे सापडल्यावर सरकारने राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी केली. तेच मूल दुसऱ्या शाळेत पुन्हा मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली. आमच्यातल्या प्रामाणिक शिक्षकांना ते अपमानास्पद वाटले, आणि वाटणारच. पण पटावर पैसा आणि पद अवलंबून असेल आणि पट मोजणाराच त्याचा लाभार्थी असेल, तर अटलांटिकच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, पट फुगतो.

माझ्या नोकरीतलीच गोष्ट. एका शाळेत (नाव नको) दिवाळीनंतर माझ्या वर्गातली सात-आठ मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची. तपासणी जवळ आली की संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांचा निरोप यायचा, "बाई, हजेरी पूर्ण दिसू द्या." मी गैरहजेरीच मांडत असे आणि त्यावरून बोलणीही खाल्ली. माझे म्हणणे एवढेच असे, की गैरहजेरी दिसली तरच कोणी तरी विचारेल ना, ही पोरे गेली कुठे? हजर मांडले की प्रश्नच मिटला. मुलगाही मिटला!

ऑनलाइन शाळेतही हेच घडते, आणि माझा खरा राग त्यावर आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या क्रेडो या संस्थेने २०१५ मध्ये ऑनलाइन चार्टर शाळांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. सारख्याच पार्श्वभूमीच्या इतर मुलांच्या तुलनेत ही मुले वाचनात ७२ दिवसांइतकी आणि गणितात १८० दिवसांइतकी मागे होती. तिकडचे शाळेचे वर्षच साधारण १८० दिवसांचे असते! पैसा कोर्टकचेऱ्या करून थोडाफार परत येईल. मुलाचे चौथीचे वर्ष कोण परत देणार?

भाचा म्हणतो, इतके नियम केले तर चांगल्या शाळाही बंद पडतील. आजारी मुले, वर्गात छळ झालेली मुले, दूरच्या शेतावर राहणारी मुले यांचे काय? त्यांच्यासाठी ऑनलाइन शाळा हव्यातच, मी कधी नाही म्हटले? उलट त्यांच्यासाठीच हिशेब हवा. शाळा बुडाली की आधी तीच मुले रस्त्यावर येतात. आणि घरी शिकणाऱ्याची हजेरी मोजता येत नाही हे मला तरी पटत नाही. कुठला व्हिडिओ मी कितव्या मिनिटाला बंद केला हे ज्या यंत्राला कळते, त्याला मूल आले की नाही हे कळत नाही? नुसते लॉग-इन म्हणजे शिकणे नव्हे हेही कबूल. म्हणून शिक्षकाने आठवड्यातून एकदा तरी मुलाचा चेहरा पाहावा, त्याच्याशी बोलावे, त्याने केलेले काम पाहावे आणि त्याची नोंद ठेवावी. याला लालफीत म्हणायचे असेल तर म्हणा बापडे. आम्ही याला वर्ग घेणे म्हणत असू.

माझ्या मागण्या फार नाहीत. पटाची पडताळणी पैसे घेणाऱ्याने नव्हे, तर ज्याला त्यातून एक पैसाही मिळत नाही अशा सरकारी यंत्रणेने करावी, आणि दरवर्षी करावी. दर प्रत्यक्ष खर्चावरून ठरवावा. शाळेच्या संस्थापकाने आपल्याच कंपनीकडून खरेदी करू नये, आणि कंपनीकडे गेलेल्या सार्वजनिक पैशाचा हिशेबही सार्वजनिक असावा. शेवटची मागणी म्हणजे, शाळेने काही रक्कम राज्याकडे अनामत ठेवावी, म्हणजे ती मध्येच बंद पडली तर मुलांची कागदपत्रे आणि पुढची सोय त्यातून होईल.

निवड पालकांनी करावी, जरूर करावी. पण पालकाला आपल्या मुलाचा अभ्यास दिसतो, शाळेचा पट दिसत नाही आणि कोणाच्या कंपनीला काय मिळाले हेही दिसत नाही. ते पाहायला सरकार आहे, आणि त्याने ते पाहिलेच पाहिजे.

असो. लेख लांबला. अमेरिकेतल्या नातेवाइकांपैकी कोणाची मुले अशा शाळेत शिकत असतील तर त्यांचा अनुभव जरूर कळवा. एखाद्या शाळेबद्दल चांगले ऐकायला मिळाले तर मला आनंदच होईल. फक्त आठवड्यातून किती वेळा शिक्षक मुलाशी बोलतात, तेवढे मात्र लिहायला विसरू नका.