भंगारात घालायच्या आधी मिस्त्रीला दाखवा

माळा आवरताना जुना टीव्ही गेम सापडला. पिवळ्या कॅसेटचा, मारिओ आणि काँट्रावाला. पोरानं नव्या एलईडीला जोडला, तर 'नो सिग्नल'. घरात लगेच ठराव पास: भंगारात घाला.

मी तो राजारामपुरीतल्या एका टीव्ही मिस्त्रींकडं नेला. त्यांनी आधी अडॅप्टरचा व्होल्टेज मोजला, मग कॅसेटचे पाय पुसले. सगळं ठीक. म्हणाले, "गेम बिघडलेला नाही. हा अँटेनाच्या वायरीतून चॅनेलसारखं चित्र पाठवतो. तुमचा नवा टीव्ही ते धरत नाही." चित्राचा सिग्नल आतल्या आरएफच्या डबीत जायच्या आधीच तयार असतो. तिथून तो उचलून, एका ट्रान्झिस्टरमधून काढून त्यांनी पिवळ्या जॅकला दिला. नुसती वायर डकवली असती तर सिग्नल कमजोर पडला असता.

घरी आणला, चित्र आलं, पण काळंपांढरं! फोन केला. "पिवळी पिन टीव्हीच्या हिरव्या जॅकमध्ये घातलीय न्हवं? मग सेटिंगमध्ये कंपोनंट नको, एव्ही घ्या." रंग आले. खर्च तीनशे रुपये.

मुद्दा खेळाचा नाही. मिक्सर, पंप, टीव्ही, सगळीकडं हेच चाललंय. केंद्रानं जुलै २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, त्याच डिसेंबरात पोर्टल काढलं. चांगलं केलं. पण कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा पत्ता मिळून मिस्त्रींचं काय भागणार? त्यांना सर्किटचा नकाशा आणि सुटे भाग पाहिजेत. ते देणं कंपन्यांना सक्तीचं करा.

दुसरं आपल्या हातातलं. या मिस्त्रींची साठी उलटलीय आणि हाताखाली एकही पोरगा नाही. आयटीआयच्या पोरांना वर्षातून महिनाभर अशा दुकानांत पाठवा, मिस्त्रींना मानधन द्या. ई-कचरा गोळा होतो तिथं आधी दुरुस्तीचं एक टेबल लावा.

याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या साथीनं स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्या गावात एक पिवळा जॅक बसवणारा माणूस शोधायची वेळ येऊ नये.

तुमच्या भागात असा मिस्त्री असेल तर दुकान कुठं ते सांगा. पुढच्या आठवड्यात यादी टाकतो.