हुंडी सकारणे आणि ‘ॲक्सेप्टन्स’

पेढीवर हुंडी आली की मुनीम ती आधी निरखून वाची. दर्शनी हुंडीचे पैसे दाखवताक्षणी द्यावे लागत. मुदती हुंडीचे दिवस मोजावे लागत. धनी हुंडी ‘सकारी’ याचा अर्थ, हे देणे मला मान्य आहे असा शब्द देई. त्या एका शब्दावर बाजारातील पत उभी असे.

१९५४ साली पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, २००९ साली चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. या काळात भोसरीपासून महाळुंगेपर्यंत लहानमोठ्या कारखान्यांची दाटी झाली. रोजमेळ व खतावणीची जागा परचेस ऑर्डर आणि इन्व्हॉइस यांनी घेतली. व्यवहार इंग्रजीत आला. मात्र त्यातील शब्द पुष्कळदा कानावरूनच शिकले गेले.

‘ॲक्सेप्टन्स’ हा त्यांपैकीच एक. उच्चारताना पहिले अक्षर हलके आणि ‘सेप्’ वर जोर द्यावा. याच्या मूळ क्रियापदाशी, म्हणजे ‘ॲक्सेप्ट’शी, ‘एक्सेप्ट’ची गल्लत होते. पहिल्याचा अर्थ स्वीकारणे, दुसऱ्याचा वगळून. ‘आपला माल स्वीकारला’ असे कळवताना दुसरा शब्द पडला, तर अर्थाची उलटापालट होते.

‘रिसीट’ म्हणजे केवळ पोच. त्यातील ‘पी’ उच्चारायचा नाही. लॅटिन मुळाची आठवण म्हणून तो लेखनात घातला गेला. ‘डेट’ म्हणजे कर्ज, यातील ‘बी’चीही तीच कथा. मराठीत कर्जाचा ‘डेट’ आणि तारखेचा ‘डेट’ सारखेच लिहिले जातात. इंग्रजीत मात्र कर्जाचा स्वर आखूड व तारखेचा लांबट असतो. दूरध्वनीवर बोलताना हा भेद सांभाळावा. ‘ग्रॉस’ नव्हे, ‘ग्रोस’ म्हणावे. ‘कन्साइनी’ म्हणजे ज्याच्या नावे माल जातो तो, आणि ‘कन्साइनर’ म्हणजे धाडणारा. दोन्हींत ‘जी’ मूक आहे.

उच्चार चुकला तर थोडा संकोच होतो. अर्थ चुकला तर पैसा अडकतो. समजा, भोसरीच्या एका लघुउद्योजकाने ५ एप्रिलला चाकणला सुटे भाग पोहोचवले. मुदत ‘ॲक्सेप्टन्सपासून ४५ दिवस’ अशी ठरली होती. तेथील तपासणी विभागाने २५ एप्रिलला शिक्का मारला. शिक्क्यापासून मोजल्यास मुदत ९ जूनला संपते. माल पोहोचल्यापासून मोजल्यास २० मेला. एका शब्दाच्या अर्थावर २० दिवसांचे भांडवल अडकते.

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने या शब्दाचा अर्थ बांधून दिला आहे. माल प्रत्यक्ष पोहोचला तो स्वीकाराचा दिवस. १५ दिवसांत लेखी हरकत आली, तर पुरवठादाराने ती दूर केली तो दिवस. लेखी हरकत न आल्यास पोहोचल्याचाच दिवस धरला जातो. त्यास ‘डीम्ड ॲक्सेप्टन्स’, म्हणजे गृहीत स्वीकार, म्हणतात. लेखी करारानेही मुदत ४५ दिवसांपुढे नेता येत नाही. पुढील विलंबावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. हे संरक्षण सूक्ष्म व लघु पुरवठादारांसाठी आहे. त्यासाठी उद्यम नोंदणी वेळीच करावी. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्यांनी आपल्याबाबत काय लागू होते, हे सनदी लेखापालास विचारून घ्यावे.

म्हणून पोचपावतीवर तारीख, वेळ व सही घेतल्यावाचून गाडी परत आणू नये. तोंडी तक्रार आली, तर ती लेखी मागावी.

या शब्दाला दुसरी बाजूही आहे. जो आज पुरवठादार असतो, तोच उद्या कोणाचा तरी ग्राहक असतो. स्वतःच्या देण्याची मुदत लांबवण्यासाठी स्वीकाराची तारीख मागेपुढे करणे सोपे असते. तत्त्वार्थसूत्राने सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ गणली आहे. खोटा लेख करणे हा तिचा अर्थ. कागद इंग्रजीत असला म्हणून दोष हलका होत नाही.

अनेक घरांत आज मुले इंग्रजी माध्यमात शिकतात आणि व्यवहाराचा अनुभव वडीलधाऱ्यांकडे असतो. आठवड्यातून एकदा दुकान वाढवल्यावर एखादी परचेस ऑर्डर मुलांनी मोठ्याने वाचावी व प्रत्येक अटीचा अर्थ आजोबांनी मराठीत सांगावा. उच्चार नातवाचा आणि अर्थ आजोबांचा, अशी ही देवघेव. ‘ॲक्सेप्टन्स’पाशी आले की आजोबांना वेगळे काही शिकावे लागणार नाही. ते एवढेच म्हणतील, “अरे, हे तर सकारणे!”