तुरीच्या डाळीची हद्दपारी
डोंबिवली स्थानकाच्या पुलावर सांधेदुखीमुळे कठडा धरून एकेक पायरी उतरणाऱ्यांच्या घरातून पहिली हद्दपारी होते ती तुरीच्या डाळीची, मग वांग्याची. रविवारची कलेजी आणि सोबतची बिअर यांच्याकडे मात्र, का कोण जाणे, कोणी बोट दाखवत नाही. प्यूरिन या पेशींतील घटकाच्या विघटनातून उरणारे यूरिक आम्ल रक्तात दर डेसिलिटरला सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या पुढे गेले की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचू शकतात, आणि मग पायाचा सुजलेला अंगठा मध्यरात्री चादरीचा स्पर्शही सोसत नाही. चरकसंहितेतील वातरक्ताशी जुळणारा हा विकार होय. अमेरिकेतील ४७ हजार पुरुषांच्या बारा वर्षांच्या पाहणीत, जी २००४ साली प्रसिद्ध झाली, मांस व मासळी अधिक खाणाऱ्यांत हा धोका वाढलेला आणि दूधदुभते घेणाऱ्यांत घटलेला आढळला, तर डाळी-कडधान्यांसह प्यूरिनयुक्त भाज्या निर्दोष ठरल्या. गुडघ्यातील कूर्चेच्या, म्हणजे हाडांमधल्या मऊ गादीच्या, झिजेने होणाऱ्या सांधेदुखीत मात्र पदार्थापेक्षा वजन मोजावे लागते, कारण एक किलो उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. तेव्हा डाळीला सन्मानाने घरात परत घ्यावे. स्थानकाबाहेरच्या दुसऱ्या वडापावाचे अपील मात्र फेटाळण्यात येत आहे.