बोलपटाला बोलू द्या

संगीताचा मला नाद आहे, आणि तो आहे म्हणूनच हल्लीच्या चित्रपटांतल्या संगीताविरुद्ध मी आज फिर्याद मांडणार आहे. ऐन दिवाळीत, फराळाचे ताट पुढे असताना, हे कडू कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्याकडे नरकचतुर्दशीला आधी कारीट फोडतात आणि मग फराळाला बसतात. वाचकांनी हा लेख म्हणजे ते कारीट समजावे.

फिर्याद थोडक्यात अशी : हल्लीच्या चित्रपटात संगीत थांबतच नाही. नायक दारातून आत येतो तोच ढोल घुमू लागतात. आईच्या डोळ्यांत पाणी यायच्या आधीच बासरी रडू लागते. दोन माणसे ओसरीवर बसून जमिनीच्या वाटणीचे बोलत असतात, तर त्यांच्या बोलण्याखालून व्हायोलिनांचा एक ताफा उगाच सरपटत राहतो. हे कशासाठी? प्रेक्षकाला कळावे म्हणून. आता हसा, आता भ्या, आता रुमाल काढा, असे बजावण्यासाठी. फळ्यावर प्रश्न लिहून त्याच्याच शेजारी उत्तर लिहून ठेवणाऱ्या मास्तराला मी चांगला मास्तर म्हणणार नाही. मुलांची बुद्धी त्याने आधीच शून्य धरलेली असते. हे पार्श्वसंगीत प्रेक्षकाला तसेच वागवते.

माझी गणना लगेच त्या दुसऱ्या कंपूत होऊ नये म्हणून एक खुलासा करतो. सिनेमाचे गाणे म्हटले की नाक मुरडणारे, खयालाखेरीज बाकी सारे हलके मानणारे, असे शुद्ध लोक आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांचा आणि माझा सूर जुळत नाही. त्यांच्या हाती सत्ता आली तेव्हा काय झाले, हे इतिहासात नमूद आहे. बाळकृष्ण केसकर हे आपले मराठी गृहस्थ 1952 साली केंद्रात नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत सरकारी रेडिओवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. पेटीवर तर 1940 पासूनच तेथे बंदी होती. ती उठायला 1971 उजाडले. परिणाम काय? श्रोत्यांनी सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावले. अमीन सायानींची बिनाका गीतमाला 1952 मध्येच सुरू झाली आणि सारा देश तिच्या नादी लागला. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 रोजी सरकारलाच विविध भारती काढून तीच गाणी घरात घ्यावी लागली. बंदीने कान सुधारत नाहीत. ते शेजारच्या घरी जातात, एवढेच. तेव्हा मी बंदी मागत नाही. मी मर्यादा मागतो, आणि ती संगीताच्याच भल्यासाठी मागतो.

ही मर्यादा आपल्याला परकी आहे काय? मुळीच नाही. 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट प्रभातने काढला, तेव्हा गाणारा नट कॅमेऱ्यासमोर गातच असे आणि साथीदार चौकटीबाहेर कोठेतरी दडून वाजवत असत. संगीत तेव्हा प्रसंगात घडत होते. वरून ओतले जात नव्हते. तंत्र सुधारले, पार्श्वगायन आले, वाद्यवृंद वाढले. परंतु ऐपत वाढली तरी विवेक सुटत नाही, हे त्याच प्रभातने 1937 साली दाखवले. त्या वर्षीचा ‘कुंकू’ पाहा. नारायण हरि आपट्यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट, दिग्दर्शन शांतारामबापूंचे, संगीत केशवराव भोळ्यांचे. त्यात पार्श्वसंगीत नाही! गाणी आहेत, शांता आपट्यांनी गायिलेली आहेत. पण ती पडद्यावरच्या माणसांच्या जगात गायिली जातात. बाकी जे ऐकू येते ते त्या घराचे आवाज. म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात जबरदस्तीने बांधलेल्या मुलीचे दुःख सांगायला त्यांना सारंगी लागली नाही. केशवरावांसारखा जाणता संगीतकार हाताशी असताना ती गप्प ठेवली, ह्यालाच मी संगीताची जाण म्हणतो. पुढे 1963 साली हिचकॉकने आपल्या ‘बर्ड्‌स’ चित्रपटात रूढ पार्श्वसंगीत टाळले, ह्याचे कौतुक आपले जाणकार अजून करतात. करावे, परंतु सव्वीस वर्षे आधी पुण्यात ते घडले होते, हेही मुलांना सांगावे.

आता आमच्या गावाशी संबंध असलेले उदाहरण देतो. आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामती सोडून काटेवाडीवरून आमच्या सणसरला मुक्कामाला येते आणि पुढे बेलवाडीच्या रिंगणाला जाते. त्या रात्री गावात जे भजन ऐकू येते, त्याला साधने किती? एक वीणा, एक पखवाज आणि टाळ. मात्र दोन अभंगांच्या मध्ये जी शांतता पडते ती कोणी भरून काढत नाही. विणेकरी उभा असतो, तेवढे पुरते. 1936 सालच्या ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीस जेव्हा गातात, तेव्हा मला हीच शिस्त दिसते. त्या चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी एक पद लिहिले. ते इतके मुरले की पुष्कळांना ते तुकोबांचेच वाटले आणि आजही वाटते. चित्रपटगीत हलके असते म्हणणाऱ्यांनी ह्यावर विचार करावा. गाणे प्रसंगातून उगवले की ते अभंगाच्या पंगतीला जाऊन बसते.

त्याच चित्रपटात सालोमालो म्हणून एक बुवा आहे. तुकोबांचे अभंग तो आपल्या नावावर खपवतो. त्या पात्राला आपण हसलो. परंतु आज घरोघर सालोमालो सुखाने नांदतो आहे. विविध भारतीवर गाणे लावण्याआधी गीतकार, संगीतकार, गायक ह्यांची नावे सांगण्याची रीत होती. गाणे कोणी तरी जिवाचे रान करून बांधलेले असते, हा संस्कार त्या तीन नावांनी आमच्यावर केला. आता मोबाइलवर गाण्याचा अर्ध्या मिनिटाचा लचका येतो. त्याला ना कवी, ना बाप. वर्गात मुलांना गाणे म्हणायला सांगितले तर ध्रुपदाची दीड ओळ खणखणीत येते. अंतरा विचारला की सारी पोरे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. त्यांचा दोष नाही. त्यांना आंब्याची फोड दिली, झाड कोणी दाखवलेच नाही.

कोणी म्हणेल, मास्तर, लोकांना हेच हवे असते; गल्ला बोलतो. ठीक, गल्ल्याचीच साक्ष काढू. 1959 साली अनंत माने ह्यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला. संगीत वसंत पवारांचे. पुण्याच्या विजयानंदमध्ये तो 131 आठवडे चालला. त्यातली लावणी कथेतल्या फडावरची आहे. तीच काढली तर कथेचा कणा मोडेल. 1977 साली ‘जैत रे जैत’ आला. महानोरांचे शब्द, हृदयनाथांच्या चाली, आणि सारा चित्रपट गाण्यांनी भरलेला. तरी त्यात एकही गाणे उपरे वाटत नाही, कारण ती ठाकरांच्या डोंगरातली गाणी आहेत. म्हणजे संगीत किती, हा प्रश्नच नव्हे. ते कोणाचे, आणि कशासाठी, हा खरा प्रश्न आहे.

अलीकडचे पाहू. आमच्या उजनीच्या पलीकडे करमाळा तालुका. तेथला मुलगा नागराज मंजुळे. त्याच्या ‘फँड्री’त डुक्कर पकडण्याची धावपळ चालू असते, शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि डुक्कर पळत असतानाही ती माणसे जागच्या जागी उभी राहतात. पडद्यावरच्या शाळेतून आलेल्या त्या सुरांनी जे केले, ते शंभर वादकांना साधले नसते. 2016 सालच्या ‘सैराट’चे तर विचारूच नका. अजय-अतुल ह्यांनी त्यासाठी थेट लॉस एंजेलिसला जाऊन तेथल्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतले. त्या गाण्यांवर महाराष्ट्र नाचला, सणसरही नाचले. परंतु शेवट आठवा. लहान पोर दारातून आत जाते, काय दिसायचे ते दिसते, आणि पडदा मुका होतो. एक सूर नाही, एक हुंदका नाही. ज्या चित्रपटापाशी सातासमुद्रापारचा वाद्यवृंद होता, त्याने सर्वांत मोठी गोष्ट सांगताना तो बाहेर उभा केला. गल्ला म्हणाल, तर तो चित्रपट अपुरा पडला काय? लोकांना शांतता पेलत नाही, ही सबब त्या दिवशी संपली.

आणि तरीही मोठमोठे निर्माते पहिल्या क्षणापासून अखेरपर्यंत ठोकतच राहतात. ह्याचे नुकसान कोणाला? पहिले नुकसान मराठी भाषेचे. खेडे पडद्यावर दिसते, पण ऐकू येत नाही. आमच्या भागातल्या माणसाच्या बोलण्यात जे हेल आहेत, मध्ये थांबून “काय म्हणायचं आता” असे म्हणण्याची जी तऱ्हा आहे, तीच मुळी अर्धे संगीत आहे. ते वाद्यांच्या चिखलात रुतून जाते. भवानीनगरच्या कारखान्याचा भोंगा, उसाच्या बैलगाड्यांची घुंगरे, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याची घरघर, पहाटे ऊसतोडणी कामगारांच्या खोप्यांवरून येणारी हाक, हे सारे कोणी टिपायचे? बाहेरचे कान आधीच भरले आहेत. गाळप हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवर कर्णे लागलेले असतात, लग्नाच्या वरातीत सनईवाल्याला बाजूला सारून डीजेच्या भिंती उभ्या राहतात. निदान अंधाऱ्या चित्रपटगृहात तरी माणसाला माणसाचा आवाज ऐकू यावा!

दुसरे नुकसान मुलांचे. दुःख कोणते हे ओळखायला ज्याला व्हायोलिन लागते, त्याच्या शेजारच्या बाकावरचा मुलगा मुकाट्याने रडत असला, तर त्याला ते कळणार कसे? खऱ्या आयुष्यात पार्श्वसंगीत नसते. बाप कर्जाचा कागद हातात घेऊन ओसरीवर बसतो तेव्हा कोणी बासरी वाजवत नाही. ते मौन वाचता आले पाहिजे. कथा-कादंबरी, नाटक, चित्रपट ह्यांचे काम ते शिकवण्याचे आहे. ते आयते सांगून टाकणारी कला मुलांना आंधळे करते, अशी माझी तक्रार आहे आणि ती मी मास्तर म्हणून करतो.

म्हणून निर्मात्यांना माझे सांगणे आहे की पैसे वाचवा. निम्मे पार्श्वसंगीत काढून टाका आणि उरलेल्याची मजुरी आमच्या हलगीवाल्याला, सनईवाल्याला, शाहिराला द्या. गाणे करायचे तर पुरते करा, दोन अंतऱ्यांचे, आणि त्याच्या कवीचे नाव ठळक छापा. संगीतकारांना सांगणे असे की न वाजवलेल्या जागेचे श्रेयही तुमचेच असते. केशवराव भोळ्यांचे ‘कुंकू’ अजून त्यासाठीच आठवते.

आणि वाचकहो, आपले काय? ह्या सुट्टीत मुलाबाळांसह चित्रपट पाहायला जाल. घरी आल्यावर फराळाला बसताना नेहमीसारखे “गाणी कशी होती?” असे विचारू नका. “संगीत थांबले कोठे, आणि तेव्हा तुला काय ऐकू आले?” एवढेच विचारा. पोर विचारात पडले, तर ते अजून ऐकू शकते. “थांबलेच नाही” असे म्हणाले, तर पुढच्या वेळी तिकीट काढण्यापूर्वी विचार करा.